चुंबळीवरची बाटली

१७ नोव्हेंबर, रविवार

भार्गवीने पुण्याहून ही डायरी पाठवली तेव्हा मी तिला फोनवर सांगितलं होतं, की बाई, सगळा जन्म रत्नागिरीच्या कोषागारात बसून लोकांच्या नोंदी केल्या, आता माझ्या हातून एक ओळ व्हायची नाही. पण लेकीला जमलं नाही ते नवऱ्याने जमवलं. घरात जे चाललंय त्याला कुणीतरी साक्षीदार हवाच.

तर आमचे हे, म्हणजे श्रीपती, निवृत्त चित्रकला शिक्षक, रक्तदाब थोडा वर, दिवसाला मोजून दहा वाक्यं बोलणारे, सध्या बागेच्या खालच्या अंगाला पऱ्याच्या, म्हणजे ओढ्याच्या, काठी खड्ड्यात बसून बाटल्या उकरतायत. फुटक्या नाहीत हो, अख्ख्या. आणि फुटक्याही.

झालं असं, की दिवाळीच्या सुमारास केळीचे कोंब लावायला म्हणून हे खणायला गेले आणि कुदळीला एक हिरवी बाटली लागली. माणसाने ती बाजूला टाकावी आणि केळ लावावी. ह्यांनी ती सदऱ्याने पुसली, उन्हात धरली आणि चहा निवून गार होईपर्यंत बघत उभे राहिले. मी तीन हाका मारल्या. केळीचे कोंब अजून पडवीत सुकतायत.

शेजारच्या धाकूभाऊंचं म्हणणं, पऱ्यापलीकडे जुन्या गाडीरस्त्यावर कुणा साहेबाचा बंगला होता. आता नुसतं जोतं उरलंय. तिथला खानसामा कचरा आणून ह्या काठाला ओतायचा. म्हणजे सासऱ्यांनी मोठ्या हौसेने पालीजवळ जमीन घेतली आणि साहेबाचा उकिरडा आमच्या वाटणीला आला.

मानेपाशी एक गाठ हाताला लागते आहे. ह्यांना सांगितलेलं नाही. बुधवारी भाजी आणायच्या निमित्ताने रत्नागिरीला जाऊन दाखवून येते.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

काल दाखवून आले. सोनोग्राफी झाली, सुई घालून तपासायला घेतलं. आज डॉक्टरांचा फोन आला. नक्की सांगता येत नाही म्हणे. चांगलीही असेल, नसेलही. अर्धी थायरॉईड ग्रंथी काढायची आणि ती तपासायची, तेव्हाच खरं कळेल. कोल्हापूरला जाऊन करून घ्या म्हणाले.

ह्यांना सांगायला गेले तर हे मागच्या दारी बसून बाटली धूत होते. रिठ्याचं पाणी आणि मूठभर जाडे तांदूळ आत घालायचे आणि हलवत राहायचं, म्हणजे आतली माती सुटते, ही ह्यांची नवी विद्या. मी सगळं सांगितलं. हे ऐकत होते आणि बाटली हलवत होते. माझं सांगून संपलं तरी हलवतच होते. पाणी केव्हाच स्वच्छ झालं होतं. मी म्हटलं, अहो, काहीतरी बोला. तर म्हणाले, "कोल्हापूरला मी येणार."

आता हे काय बोलणं झालं? येणारच, नाही तर काय गावची पंचायत येणार होती माझ्याबरोबर? मला इतका राग आला, की रात्री आमटीत मीठ घातलं नाही. हे तशीच जेवले.

२६ नोव्हेंबर, मंगळवार

ऑपरेशनची तारीख मिळेपर्यंत घरात बसून मानेला हात लावत राहण्यापेक्षा खड्ड्यात उतरलेलं बरं, असं ठरवून आज मीही गेले. गाऊनवर ह्यांचा जुना शर्ट, डोक्याला टॉवेल. मैना, म्हणजे धाकूभाऊंची सून, दगडी गडग्यावरून बघून हसली. हसू दे.

हे मला सळई कशी घालायची ते शिकवत होते. लांब लोखंडी सळई मातीत हळू दाबत न्यायची आणि हाताने ऐकायचं. जांभा दगड लागला तर ठक्क. मूळ असेल तर सळई नुसती अडते. काच असेल तर टिक, अगदी बारीक, दाताला खडा लागावा तसं. ह्यांनी मला डोळे मिटून तिन्ही आवाज ओळखायला लावले. शाळेत हे मुलांना असंच शिकवत असणार. मी कधी बघायला गेले नव्हते.

आणि खरं लिहायचं तर बाटल्या फार सुंदर आहेत. मी कबूल करणार नव्हते. औषधाच्या एका चपट्या बाटलीच्या अंगावर मात्रांच्या रेघा काचेतच उठवलेल्या आहेत. शाईची दौत आहे, तिला बोरू टेकवायला खाच. ह्यांनी मला दाखवलं, की साच्याचा सांधा बाटलीच्या अंगावरून वर येतो आणि ओठाखाली थांबतो, कारण ओठ कुणीतरी नंतर हाताने बसवलेला असतो. काचेत बुडबुडे अडकलेत. कुठल्या तरी भट्टीवर कुणी तरी कामगार घाम पुसत उभा, त्याने ओठ बसवला, बाटली बोटीत चढली, समुद्र ओलांडून इथे आली, खानसाम्याने पऱ्यात फेकली, आणि शंभर पावसाळे खाऊनही तो ओठ जागच्या जागी आहे. मातीने काचेवर मोरपिशी झाक चढवलीय ती वेगळीच. मी ती दौत खिडकीत ठेवली.

२ डिसेंबर, सोमवार. देवदिवाळी

आज मला सापडली. मला! हे पलीकडे मुळं तोडत होते आणि माझ्या सळईने टिक केलं. मी घाईघाईत अजून एकदा टोचून पाहिलं, तिथेच चुकलं. ह्यांनी बोटांनी माती काढत काढत ती बाहेर घेतली तेव्हा ओठाला तांदळाएवढा टवका उडालेला होता. मला रडूच आलं. एवढी शंभर वर्षं धड राहिली आणि मी एका क्षणात खोट आणली. हे म्हणाले, "असू दे. तुझी खूण राहिली."

बाटली फिकट निळसर हिरवी, समुद्र पावसाळ्यानंतर होतो तशी. पण तिला बूडच नाही. खाली अंड्यासारखी निमुळती. मी म्हटलं, हिचं बूड तुटलं वाटतं. तर नाही, मुळातच नाही. ह्यांनी मोबाईलवर शोधून सांगितलं, की ही विलायती सोड्याची. उभी ठेवली तर बूच सुकतं, आक्रसतं आणि सोड्यातला वायू उडून जातो. म्हणून तिला उभं राहताच येऊ नये अशी घडवली. सदा आडवी, सदा बूच ओलं. काय डोकं चालवलंय! मी कितीतरी वेळ तिला हातात फिरवत बसले. एवढी साधी गोष्ट आणि एवढी चोख.

संध्याकाळी धाकूभाऊ देवदिवाळीचं पोळ्यांचं पान घेऊन आले. बाटल्या बघितल्या, मान हलवली आणि मला म्हणाले, "वयनी, कुठं बी खणा, पण किंजळीच्या बुडाला हात घालू नका. ती राखणीची जागा हाय."

किंजळीचं झाड आमच्या बागेच्या कोपऱ्यात, गडग्याला लागून. सासरे होते तोवर तिथे दरवर्षी देवदिवाळीला राखण द्यायचे, म्हणजे जागेच्या राखणदाराला नारळ आणि दारूची बाटली. सासरे स्वतः दारूला शिवत नसत. धाकूभाऊंचे वडील गाऱ्हाणं, म्हणजे राखणदाराला साकडं, घालत आणि बाटली तिथेच पुरत. सासरे गेले, आम्ही नोकऱ्यांमुळे रत्नागिरीत राहिलो, राखण बंद पडली. धाकूभाऊंचं म्हणणं, राखणदार माणसावरचं संकट आपल्या अंगावर घेतो, पण त्याचं त्याला द्यावं लागतं, आणि एकदा सुरू केलं की मोडता येत नाही. मी म्हटलं, तुमचा राखणदार दारू पिऊन पडणार आणि आमची राखण कोण करणार? धाकूभाऊ हसले. हे हसले नाहीत. ह्यांनी विचारलं, की दिली नाही इतकी वर्षं तर राग धरतो का तो. धाकूभाऊ म्हणाले, वाट बघतो.

८ डिसेंबर, रविवार

रत्नागिरीहून दर्शन नावाचा मुलगा आला होता. मुलगा कसला, तिशीचा असेल. मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे, पण जीव सगळा बाटल्यांत. ह्यांनी कुठल्याशा ग्रुपवर फोटो टाकला होता, तो बघून स्कूटरवरून आला. पडवीत पाऊल टाकलं आणि चपला काढायचंही विसरला.

बुडाशिवायच्या बाटलीसाठी मी माझ्या जुन्या जांभळ्या सुती साडीची चुंबळ करून दिली आहे. पाण्याच्या हंड्याखाली डोक्यावर ठेवतात तशी, लहान. तिच्यावर बाटली बरोब्बर उभी राहते. दर्शनने ती दोन्ही हातांनी उचलली, देवाची मूर्ती उचलावी तशी. म्हणाला, काकू, मी इतकी वर्षं किनाऱ्याकिनाऱ्याने फिरतोय, अंजनवेलपर्यंत जाऊन आलो, पण अख्खी अशी मला मिळालेली नाही. मग आपल्याजवळच्या काय वाटेल त्या बाटल्या बदल्यात घ्या म्हणून ह्यांच्या मागे लागला.

तेव्हा आमचे हे एकदम बोलायला लागले. म्हणाले, की बाकीची कुठलीही न्या, तशीच न्या, पण ही हिची आहे. ही हिने आवाजावरून ओळखली. मला ह्या सगळ्या बाटल्यांत एवढी एकच अशी वाटते, की गेली तर मला जागा सुनी वाटेल.

लग्नाला छत्तीस वर्षं झाली, मला कधी असं काही म्हणाले नाहीत. म्हणाले तेही बाटलीला.

दर्शनने चहा संपवला. सव्वीस जानेवारीला पडवीत सगळ्या मांडून गावाला दाखवू या, असं त्याने ठरवून टाकलं. मी हो म्हटलं. मग आत जाऊन मनात आलं, की तेव्हा मी असेन ना धड? लगेच स्वतःला दटावलं. अर्धी ग्रंथी काढतात, डोकं नाही काढत.

१३ डिसेंबर, शुक्रवार

कोल्हापूरची तारीख मिळाली. अठराला ऑपरेशन, सतराला निघायचं.

दोन गोष्टी घडल्या आहेत आणि दोन्ही मला आवडलेल्या नाहीत.

पहिली किरकोळ. खोबरेल तेलाच्या बाटलीचं बूच सापडत नाही. आईच्या वेळची बाटली, तिचं बूचही तेव्हाचंच. मी ते दाताने उघडते आणि हे त्यावरून मला बोलतात. सगळं स्वयंपाकघर उपसलं. शेवटी कापसाचा बोळा लावला. ह्यांना विचारलं तर म्हणाले, उंदराने नेलं असेल. उंदीर बूच कशाला नेईल, त्याला काय डोक्याला तेल लावायचंय?

दुसरी गोष्ट मैनाने सांगितली. काल ती बाजारात भाजी घेऊन बसली होती. तिने ह्यांना दारूच्या दुकानात शिरताना पाहिलं. आधी दोनदा दुकानावरून पुढे गेले, परत आले, आणि मग छत्री उघडून तोंडापुढे धरून आत गेले. डिसेंबरात छत्री! मैना म्हणाली, "वयनी, मला काय बोलायचं नाय, पण अण्णा तसल्यातले नव्हते."

मी तिला काहीतरी सांगून कटवलं. हा माणूस खोकल्याच्या औषधाच्या वासाने उठून जातो. लग्नात मेहुण्यांनी चेष्टेने ग्लास पुढे केला तर ताप आल्यासारखा पडून राहिला होता. तो आता ह्या वयात सुरू झाला? माझ्या आजाराने? मग मी काय करावं? मी धीराने घेते आहे, स्वयंपाक करते आहे, बाटल्या धुते आहे, आणि ह्यांनी बाटली धरली. ऑपरेशन होऊ दे, मग बघते ह्यांच्याकडे.

१६ डिसेंबर, सोमवार

उद्या पहाटे निघायचं. बॅग भरली.

दिवे लागायच्या वेळी हे घरात नव्हते. धाकूभाऊंबरोबर बागेच्या वरच्या अंगाने येताना दिसले. मी दारातच उभी होते. हे जवळ आले आणि वास आला. सदऱ्याच्या बाहीला, हाताला. धाकूभाऊंची गोष्ट वेगळी, ते घेतात आणि सांगून घेतात. पण ह्यांच्या हाताला तो वास!

आत येऊन देवाजवळ दिवा लावायला गेले आणि पडवीत पाहिलं तर चुंबळ रिकामी.

माझी बाटली नाही! विचारलं तर मान खाली. पुन्हा विचारलं तर म्हणाले, "दिली."

"कुणाला दिली?"

"दिली एकाला."

बस्स, एवढंच. त्या दर्शनला दिली असणार, दुसरं कोण? मागून मागून गळ घातली असणार आणि ह्यांना नाही म्हणता येत नाही. की दारूच्या बदल्यात कुणाला दिली? छे, असलं काही लिहितेय मी. पण दुसरं काय समजू? आठ दिवसांपूर्वी म्हणाले होते, की ही गेली तर जागा सुनी वाटेल, आणि आज, मी उद्या टेबलावर जाणार म्हणताना, ती देऊन आले. मला वाटलं होतं, परत आले की तिच्यावर हात फिरवीन. मी इतकं वाईट बोलले ह्यांना. तोंडावर बोलले, की तुम्हाला बायकोची आणि बाटलीची दोन्हीची किंमत नाही. ह्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. दारूचं असेल, असं मी म्हटलं.

२४ डिसेंबर, मंगळवार

घरी आले. अर्धी ग्रंथी गेली, टाके आहेत, गळ्यात पट्टी. तपासणीचा निकाल पंधरवड्याने. डॉक्टर म्हणाले, काळजी करू नका. काळजी करायची नाही तर निकाल कशाला लागतो?

आणि माझा आवाज गेला आहे. येईल म्हणतात हळूहळू, पण सध्या बिडी ओढणाऱ्या म्हाताऱ्यासारखी घरघर. भार्गवी आठवडाभर राहून आज परत गेली. जाताना म्हणाली, आई, घर इतकं शांत मी कधी पाहिलं नाही. कार्टी!

गंमत म्हणजे हे बोलायला लागलेत. माझा आवाज ह्यांच्यात शिरला की काय! सकाळी उठून मोहोर कुठल्या कलमाला आला ते सांगतात, पेज करतात, ती कशी केली तेही सांगतात. केस विंचरून देतात, वाकडा भांग पाडतात. वास पुन्हा कधी आला नाही. मी रोज नाक लावून बसते. बाटलीचा विषय मी काढला नाही, ह्यांनीही नाही. चुंबळ तशीच आहे फळीवर. मी तिच्याकडे बघायचं टाळते.

२ जानेवारी, गुरुवार. दुपारी

आधी लिहून ठेवते, नाही तर आनंदाने मरेन.

हे टाक्यांचं मलम आणायला रत्नागिरीला गेलेत. मी एकटी. निकाल येत नाही, आवाज येत नाही, घरात बसवेना. वजन उचलू नका म्हणालेत, सळई धरू नका असं कुणी म्हटलेलं नाही. पऱ्याचा खड्डा आता पुरता धुंडाळून झालाय. मग म्हटलं, किंजळीखाली बघू. राखणदार बिखणदार काही नाही, सासऱ्यांच्या वेळच्या जुन्या बाटल्या तर असतील! आणि माझ्या मनात राग होताच सगळ्यांवर, ह्यांच्यावर, डॉक्टरांवर, त्या राखणदारावरसुद्धा. संकट अंगावर घेतो म्हणे. कुठे होता तो?

माती भुसभुशीत होती, घुशीने उकरली असावी. सळई घातली मात्र, लगेच टिक! खुरप्याने जरा माती बाजूला केली आणि काय सांगू, तस्सीच! दुसरी! बुडाशिवायची, तोच रंग, तोच आकार! आणि माझ्या हाताची कमाल बघा, हिच्याही ओठाला तिथेच, तसाच तांदळाएवढा टवका उडवला मी. आता पुढच्या वेळी सळई ह्यांच्याच हाती. आणि ही तर बूच लावलेली आहे आणि आत पाणी आहे! शंभर वर्षांपूर्वीचा सोडा, न उघडलेला! दर्शनने ऐकलं तर स्कूटरवरून पडेल. ठेव म्हणावं तुझी ती बाटली, आमच्याकडे भरलेली आहे.

मातीनेच माखलेली उचलून मागच्या दारी आणून ठेवली आहे. रिठ्याचं पाणी करते.

त्याच दिवशी, संध्याकाळी

पाणी टाकलं आणि माती निघाली. ओठावर मेणबत्तीचं मेण ओघळलेलं. अंगावर कुंकवाचं बोट. मी तरी धूतच होते. मेण खरवडलं आणि बूच दिसलं. कडेने चाकूने तासून बारीक केलेलं, पण वरच्या अंगाला माझे दात. माझे. इतकी वर्षं तेलाची बाटली उघडताना उमटलेले, वरचे दोन आणि खालचा एक तिरका.

मी बूच काढलं. तोच वास, सदऱ्याच्या बाहीचा.

मग मी तिथेच पायरीवर बसले आणि इतकी रडले, की टाके ओढायला लागले. आवाज नाही म्हणून नुसती हवा बाहेर येत होती. ह्या माणसाला पालीच्या बाजारात वजनात घोळ झाला तर तोंड उघडता येत नाही. तो छत्री तोंडापुढे धरून तिथे गेला, आणि मैना बघतेय, गाव बघतंय, तरी गेला. ज्या दारूच्या वासाने मळमळतं ती आपल्या हाताने बाटलीत ओतली. आणि द्यायची तर घरातली कुठलीही देता आली असती, इतक्या बाटल्या आहेत. पण ह्यांनी द्यायला तीच निवडली. मी ज्याला कशाची किंमत नाही म्हणाले, त्याने सगळ्यांत मोलाचं ते काढून दिलं आणि माझी बोलणी खाऊन गप्प राहिला. बोलला असता तर काय झालं असतं? मी हसले असते. राखणदार दारू पिऊन पडतो म्हणाले असते. हे मला ओळखून आहेत.

माझा अशा गोष्टींवर विश्वास नाही. कधी नव्हता. पण ती बाटली आता माझी नाही, एवढं मला कळतं.

बूच परत लावलं. अंगठ्याने बसेना म्हणून दात टेकवून दाबलं. देवघरातली मेणबत्ती पेटवून मेण ओतलं, कुंकू लावलं. हे यायच्या आत किंजळीखाली गेले. खड्डा तसाच होता. बाटली होती तशी ठेवली, माती लोटली, वरून पाला पसरला. गाऱ्हाणं मला येत नाही. कसंबसं घोगऱ्या आवाजात म्हटलं, की चुकीने उघडली गेली आहे, थोडी सांडली आहे, तरी कृपया चालवून घ्यावी. ऑफिसातल्यासारखंच झालं. मग आणखी म्हटलं, की माझं काय व्हायचं ते होऊ दे, पण ह्या माणसाला एकटं ठेवू नका.

हे आले तेव्हा मी भांडी घासत होते. म्हणाले, नखांत माती कसली. म्हटलं, तुळशीला घातली.

७ जानेवारी, मंगळवार

निकाल आला. गाठ साधी निघाली. काही नाही म्हणाले, काही म्हणजे काहीच नाही.

ह्यांनी फोन ठेवला आणि घरात न येता थेट बागेत गेले. मी खिडकीतून पाहिलं. किंजळीपाशी हात जोडून उभे होते, पाठमोरे, बराच वेळ. मग परत येऊन म्हणाले, वरच्या कलमांना छान मोहोर आहे. मी म्हटलं, हो का.

भार्गवी फोनवर रडली. मी तिला म्हटलं, आता रडायचं काम नाही. माझ्या घरघरीला ती हसायला लागली.

२६ जानेवारी, रविवार

शाळेतलं झेंडावंदन आटोपून लोक थेट इकडे आले. पडवीत ह्यांनी फळ्या लावून सगळ्या बाटल्या मांडल्या होत्या, मागून उजेड येईल अशा. मी इतके दिवस रोज बघतेय, तरी पाहून उभी राहिले. हिरव्या, निळ्या, तपकिरी, ती माझी दौत, आणि भिंतीवर त्यांचे रंग पडलेले. बायका आधी लांबूनच बघत होत्या, मग एकेक हात लावायला लागली. मैनाला मात्रांच्या रेघांची बाटली फार आवडली. म्हणाली, एवढ्या बारकाईने करायचे मेले! धाकूभाऊ म्हणाले, आमच्या पायाखाली व्हतं हे सगळं आनि आमी वरनं गुरं नेत व्हतो.

आमचे हे सगळ्यांना सांगत होते. साच्याचा सांधा, ओठ, बुडबुडे, सळईचे तीन आवाज. न अडखळता, हसून. मी दाराला टेकून ऐकत होते आणि मला ह्यांचा फार अभिमान वाटत होता. हे मी इथे लिहिते आहे, कारण तोंडाने सांगायला मला जमायचं नाही, आवाज परत आला तरी.

मग दर्शन आला. एका फळीवर जांभळी चुंबळ होती आणि तिच्यावर काही नव्हतं. मीच मांडली होती तिथे, मधोमध. ह्यांनी सकाळी दोनदा उचलून ठेवली, मी दोनदा परत आणून ठेवली. दर्शन तिच्यापाशी थांबला. म्हणाला, काका, ती कुठाय? हे बोलता बोलता थांबले. हातातलं फडकं गुंडाळायला लागले. धाकूभाऊ आढ्याकडे बघायला लागले.

मी पुढे झाले. म्हटलं, "दिली एकाला."

दर्शनचा चेहरा पडला. "कुणाला, काकू?"

"राखायला दिली आहे," मी म्हटलं. "आता परत मागायची नाही."

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी ह्यांच्याकडे पाहिलं नाही, चहा किती कप लागेल ते मोजत आत गेले. आणि पुढच्या देवदिवाळीला दुकानात मी स्वतः जाणार आहे, छत्रीशिवाय. बघू कोण काय बोलतं.

सगळे गेल्यावर हे स्वयंपाकघरात आले. मी केसांना तेल लावत होते. कपाटावरच्या तेलाच्या बाटलीकडे, तिच्या कापसाच्या बोळ्याकडे बघत हे उभे राहिले. मग म्हणाले, रत्नागिरीला गेलो की नवं बूच आणतो.

मी म्हटलं, राहू दे, मला चालतंय असंच.